भिंतीला थंडी वाजते का?

आत्ता माझी ओळख 'टेक्स्टाइल आर्टिस्ट' अशी करून दिली गेली. आमच्या घरी मात्र अजून 'ती चिंध्या जमवते' असंच सांगतात. दोन्ही खरंच आहे.

माझं काम गोधडीचं. आणि गोधडी म्हटलं की लोकांना आजीची गोष्ट हवी असते, म्हणून आधीच सांगते, मी आजीकडून काही शिकले नाही. मी शिकले दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतल्या एका समाजमंदिरात. आणि गंमत म्हणजे, तिथे मी शिकवायला गेले होते!

दर शनिवारी दुपारी वर्ग. पहिल्या दिवशी मी ग्राफपेपर, कापलेले चौकोन, सगळं घेऊन गेले. पंधरा-वीस बायका. मी म्हटलं, मधून सुरुवात करायची आणि बाहेर सरकत जायचं. मी वाचलेल्या पुस्तकांत तसंच होतं. तर साठीच्या एक मावशी म्हणाल्या, "मधनं सुरू केलं तर कडा कुठं जातील, बाई?" आणि त्यांनी सतरंजीवर एक लुगडं अंथरलं, त्यावर जुन्या कापडांचे थर, वरून दुसरं लुगडं. तळहाताने सुरकुत्या काढल्या, मोठे कच्चे टाके घातले आणि काठापासून आत धावदोरा घालत निघाल्या. चौकोनात चौकोन, चौकोनात चौकोन. फ्रेम वगैरे काही नाही. कापड मांडीवर ओढायचं आणि सरकत राहायचं. तिसऱ्या शनिवारपासून माझा ग्राफपेपर घरीच राहिला.

अडचण कापडाची होती. गोधडीला मऊ झालेलं सुती लुगडं लागतं, आणि आता सुती नऊवारी नेसतंय कोण? बायका आणायच्या सिंथेटिक साड्या. रंग झकास, पण थर एकमेकांवरून घसरतात, टाका बसत नाही, घाम टिपत नाही. मग आम्ही तोडगा काढला: वर सिंथेटिक, पोटात जुनी धोतरं, चादरी, शिंप्याकडच्या सुती चिंध्या.

असं करत दोन वर्षांत अकरा गोधड्या झाल्या आणि बालगंधर्व कलादालनात माझं पहिलं प्रदर्शन लागलं. 'माझं' हा शब्द लक्षात ठेवा. त्यातल्या सात गोधड्या त्या बायकांच्या हातच्या होत्या. मजुरी मी तासावर दिलेली, त्यात काही बुडवलं नव्हतं. पण पाटीवर नाव होतं एकटीचं, माझं.

त्या सगळ्या बघायला आल्या. मावशी स्वतःच्या गोधडीसमोर उभ्या राहिल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "हितं टांगून काय करायचं? भिंतीला थंडी वाजते का?" (हशा) मीही अशीच हसले होते. पण त्यांच्यातली एक जण बोट ठेवून एकेक पाटी वाचत चालली होती. शेवटची वाचून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "सगळ्या तुमच्याच व्हय?"

मी बरंच काही बोलले. रंग मी निवडले, मांडणी माझी, पैसे दिलेत. सगळं खरं होतं, पण तिने विचारलं होतं ते वेगळंच.

अमेरिकेत अलाबामामध्ये जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या, २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. तिथे तर बायकांची नावंसुद्धा लावलेली होती. तरी २००७ मध्ये त्यांच्यातल्या काही जणींनी पैशांवरून कोर्टात दावे लावले. पुढच्या वर्षी ते तडजोडीने मिटले. म्हणजे नुसत्या नावाने भागत नाही. पण नावच नसेल तर बोलणं सुरूच होत नाही.

पुढच्या प्रदर्शनात प्रत्येक पाटीवर शिवणाऱ्यांची नावं आली. मांडणीला मदत करणारे एक गृहस्थ म्हणाले, "इतकी नावं लावलीत तर बचत गटाचा स्टॉल वाटेल, भाव पडेल." दुर्दैवाने ते चुकले नव्हते. एका बाईंनी विचारलं, "मग आर्टिस्ट नक्की कोण?" आणि लगेच किंमत पाडून मागितली! मी कमी केली नाही. नऊपैकी दोन विकल्या गेल्या. आता विक्रीतून खर्च वजा जाता निम्मे पैसे ज्यांनी शिवलं त्यांना, तासांच्या हिशेबाने, मजुरीशिवाय. मला परवडतं का? काही महिने नाही परवडत. वर्गांची फी असते, म्हणून चालतं.

नावांचंही सोपं नव्हतं. एकीला माहेरचं नाव हवं होतं. दुसरी म्हणाली, माझं लावूच नका, मी कमावते ते घरी माहीत नाही. मी म्हटलं, मग कळणार कसं तुझी कुठली? ती म्हणाली, "टाका बघितला की मला कळतं. बास की."

मावशींची गोधडी दोन्ही वेळेला विकली गेली नाही. ती त्यांनी घरी नेली, नातवाला पांघरायला. मागच्या डिसेंबरात नव्या प्रदर्शनासाठी मी ती मागायला गेले, तर म्हणाल्या, "थंडी सरू दे, मग ने."