न वाचता येणारे परिपत्रक



वालचंदनगर परिसरातील शाळांना ईमेलने येणारी परिपत्रके पुष्कळदा मोबाइलवरच उघडली जातात. कधीकधी मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांच्या निरर्थक ओळी दिसतात. मोबाइल बिघडला असे समजून शिक्षक ते बाजूस ठेवतात. आणि त्यात शिष्यवृत्ती परीक्षेची सूचना असल्यास मुदत टळून नुकसान मुलांचे होते.

याचे कारण सोपे आहे. कृतिदेवसारखे जुने फॉन्ट मराठी अक्षराचे केवळ रूप दाखवितात. आत साठविलेली असते ती इंग्रजी अक्षराची खूण. कृतिदेवमधील ‘क’ हा मुळात इंग्रजी ‘डी’ होय. तो फॉन्ट मोबाइलमध्ये नसला की ‘क’ च्या जागी ‘डी’ उमटतो. युनिकोडमध्ये मात्र १९९१ पासून देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत. त्यामुळे तो मजकूर कोणत्याही आधुनिक मोबाइलवर वाचता येतो.

फाइल मुळीच उघडत नसेल, तर ती पूर्ण उतरली आहे काय, हे प्रथम पाहावे. अर्धवट असल्यास पुन्हा उतरवून घ्यावी. मजकूर इंग्रजी अक्षरांत दिसल्यास पाठविणाऱ्याकडे पीडीएफ प्रत मागावी. तीत फॉन्टही सामावून घेता येतो. तर्काने तारीख मात्र कदापि ठरवू नये.

शिक्षक स्वतःही अहवाल पाठवितात. तो युनिकोडमध्ये लिहावा व पाठविण्यापूर्वी दुसऱ्या मोबाइलवर उघडून पाहावा. वाचणाऱ्याची सोय पाहणे, हा लेखनाचा पहिला धर्म होय.