संहिता, साक्ष आणि यंत्र

(हिंडलगा येथे दिलेले व्याख्यान)



साहित्याच्या प्राध्यापकाने न्यायालयातील पुराव्याविषयी बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. परंतु शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या आणि अपपाठ दूर केले. अस्सल संहिता कोणती, हा त्यांच्यापुढचा प्रश्न आज मोबाइल आणि संगणकातील मजकुराबाबत न्यायालयांपुढे उभा आहे.

जालन्याचे उदाहरण घ्या. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज 27 सप्टेंबरला दुपारी तीनच्या आत दाखल झाले की नंतर, असा वाद होता. निवडणूक कार्यालयातले चित्रीकरण उपलब्ध होते. पण त्याचे प्रमाणपत्र मागूनही मिळाले नाही. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी सांगितले, की मूळ यंत्र न्यायालयात आणलेले नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. ते कोणी देत नसेल तर न्यायालयामार्फत मागवता येते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार या प्रमाणपत्रात फाइलचा ‘हॅश’ही नोंदवायचा असतो. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला ठसा. एक वेलांटी बदलली तरी तो बदलतो.

मजकुरात फेरफार झालेला नाही, एवढे हॅशवरून कळते. मजकुराचा अर्थ मात्र कळत नाही. आपला विषय इथे सुरू होतो.

मोठ्या दाव्यात लाखो ईमेल आणि संदेश असतात. ते सगळे वाचणे अशक्य. म्हणून वकील काही नमुने वाचून ‘कामाचे’ आणि ‘बिनकामाचे’ असे वेगळे करतात; त्यावरून यंत्र शिकते आणि उरलेल्यांची प्रतवारी लावते. 2012 मध्ये न्यूयॉर्कमधील संघीय न्यायालयाने ही पद्धत मान्य केली.

हे यंत्र उद्या आपल्या सीमाभागात आले तर? जमिनीच्या वादात ते ‘भाडे’ शोधत बसेल. आपल्या कागदांत ‘खंड’ लिहिलेला असतो. ‘कूळ’ म्हणजे घराणे, आणि दुसऱ्याची जमीन कसणाराही. रोमन लिपीत टाइप केले की कूळ आणि कुल यांतला फरकही पुसतो. एकाच संदेशात अर्धे वाक्य मराठी, अर्धे कन्नड. आणि ‘बघूया की’ हा होकार की नकार? गावाला तो सुरावरून कळतो. यंत्राला जे सापडले नाही ते वकिलापुढे येत नाही, आणि वकिलापुढे न आलेला कागद न्यायाधीशांपुढे जात नाही. बाजू खरी असूनही माणूस हरू शकतो.

म्हणून विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. घरातली जुनी खते, पावत्या, पत्रे काढा. त्यांतले शब्द अर्थासह आणि वापराच्या वाक्यासह नोंदवा. कागद दुसऱ्याचा असेल तर आधी परवानगी घ्या, नावे गाळा. असा कोश झाला तर यंत्राला शिकवणाऱ्याच्या हाती काहीतरी देता येईल, आणि यंत्र चुकले तर ती चूक न्यायालयात दाखवताही येईल.

एकनाथांनी प्रती ताडल्या, कारण शब्द चुकला तर अर्थ हरवतो हे त्यांना ठाऊक होते. आपल्याकडे तर अर्थाबरोबर जमीनही जाईल.