तार तुटली कोठे?

बैहर, परसवाडा, बिरसा हा बालाघाट जिल्ह्याचा घाटावरील मुलूख असो, की गोंदियाला लागून असलेला लांजी-किरनापूरचा सखल भाग असो, एक हिंदी वाक्य तेथील मराठी, पोवारी, गोंडी अशा सर्व भाषिकांच्या तोंडी सारखेच रुळले आहे. ते वाक्य म्हणजे ‘सर्वर डाउन है’. रेशनच्या दुकानातील यंत्रावर अंगठा स्वीकारला गेला नाही, पंचायतीत दाखला निघाला नाही, विद्यार्थ्याचा अर्ज भरला गेला नाही, की हेच उत्तर मिळते. कोसभर चालून आलेली आजीबाई रिकामी पिशवी घडी घालून परत जाते. उद्या या, परवा या. या उत्तराची मोठी सोय अशी की त्यात कोणाचाच दोष नसतो, आणि म्हणूनच ते दुरुस्तही कोणी करीत नाही.

वस्तुतः सर्व्हर म्हणजे दूर कोठे तरी, भोपाळला किंवा दिल्लीला, ठेवलेला संगणक. गावातील यंत्र आणि तो संगणक यांच्या दरम्यान खोलीतील राउटर, भिंतीवरून गेलेली वायर, रस्त्याकडेची जमिनीखालील फायबर केबल, तालुक्याचे ठाणे, जिल्ह्याचे ठाणे आणि पुढील अनेक मुक्काम असतात. या साखळीची कोणतीही कडी निखळली तरी समोरच्या पडद्यावर दिसणारे दृश्य एकच. तेव्हा ‘सर्वर डाउन’ म्हणणारा मनुष्य शेवटच्या कडीविषयी बोलत असतो आणि पहिली कडी त्याने पाहिलेलीही नसते. राउटरची पिन सैल झालेली असते आणि दोष भोपाळच्या माथी मारला जातो. उलटही घडते. वरचे यंत्र बंद असते आणि बोलणी बसतात बिचाऱ्या दुकानदाराला.

तारायंत्राच्या काळी असे मोघम उत्तर चालत नसे. तार बंद पडली की तारबाबू जवळच्या ठाण्याला हाक देई, ते बोलले की त्यापुढच्याला. कोणत्या दोन ठाण्यांच्या मध्ये तार तुटली हे कळले की लाइनमन निघे. भारतातील तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली, परंतु ती रीत काही कालबाह्य झालेली नाही. आजच्या संगणकातही ती जशीच्या तशी आहे, फक्त ती काळ्या पडद्यामागे असते आणि म्हणून लोक तिच्या वाटेला जात नाहीत.

या पडद्यावर अक्षरांनी आज्ञा लिहाव्या लागतात. त्या पाठ नसल्या की माणूस बिचकतो. त्यावर तोडगा म्हणजे क्रमांकांची यादी, ज्याला सर्वत्र मेनू म्हणतात. समोर ओळी येतात, क्रमांक दाबायचा, आज्ञा यंत्र स्वतः चालविते. २००४ साली सुरू झालेली पीएफसेन्स नावाची मुक्त प्रणाली जगभर अनेक कार्यालयांच्या प्रवेशद्वारी पहारेकऱ्यासारखी बसविलेली असते. तिच्या काळ्या पडद्यावर अशीच यादी असून त्यात ‘दुसऱ्या यंत्राला हाक द्या’ हे काम सातव्या क्रमांकावर आहे. पंचायतीच्या साध्या संगणकासाठीही कोणी जाणता विद्यार्थी काही ओळींची अशी फाइल लिहून देऊ शकतो : १ स्वतःचा पत्ता, २ राउटरला हाक, ३ बाहेरच्या पत्त्याला हाक, ४ नावाचा पत्ता विचारा, ५ वाट दाखवा, ० बाहेर पडा. तज्ज्ञ मंडळी अशा यादीला पोरखेळ समजतात. हा समज अन्यायाचा आहे. महिन्यातून एकदा लागणारी आज्ञा लक्षात ठेवणे हे काही पंचायतीच्या सचिवाचे काम नव्हे.

यातील हाक देण्याच्या क्रियेला पिंग म्हणतात. अमेरिकेच्या सैन्याच्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये हा छोटासा कार्यक्रम लिहिला. पाणबुडीच्या शोधासाठी ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून हे नाव पडले. म्यूस यांनी ऐकलेली एक हकिगत मौजेची आहे. एका कचेरीतील जोडणी अधूनमधून तुटत असे. तेथील व्यवस्थापकाने प्रत्येक उत्तराला संगणक मोठ्याने ‘पिंग’ असे ओरडेल अशी योजना केली, आवाज शक्य तेवढा वाढविला आणि इमारतीतील एकेक जोड हलवीत तो हिंडू लागला. जेथे आवाज थांबला तेथे दोष सापडला.

मात्र मेनूत एक उणीव असते. कोणता क्रमांक आधी दाबावा आणि उत्तराचा अर्थ काय, हे तो सांगत नाही. तो विवेक दाबणाऱ्याचा. क्रम घरापासून बाहेर असा ठेवावा. प्रथम स्वतःचा पत्ता पाहावा. तो १६९.२५४ अशा आकड्यांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता न मिळाल्याने संगणकाने तो स्वतःच स्वतःला दिला आहे असे समजावे. अशा वेळी भोपाळला फोन करण्यात अर्थ नाही, टेबलामागची वायर पाहावी. पत्ता ठीक असेल तर राउटरला हाक द्यावी. तो बोलला की बाहेरच्या एखाद्या प्रसिद्ध पत्त्याला, उदाहरणार्थ गूगलच्या ८.८.८.८ला. तेथून उत्तर येते, पण संकेतस्थळाचे नाव लिहिले की काहीच उघडत नाही, असे झाले तर रस्ता शाबूत असून नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था बिघडली आहे. गावची वाट मोकळी असावी आणि पोस्टमनलाच घराचे नाव ठाऊक नसावे, तसा हा प्रकार.

उत्तर आले नाही तरी नकाराचे प्रकार ओळखावेत. ‘पोचता येत नाही’ असा निरोप आला तर वाटेतील कोणी तरी, पुष्कळदा आपलेच यंत्र, पुढे मार्ग नसल्याचे सांगत असते. ‘वेळ संपली’ असे आले तर ती नुसती शांतता असते.

उत्तराला लागलेला वेळही बोलका असतो. तो सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. बालाघाट ते मुंबई हे अंतर सरळ रेषेत आठशे किलोमीटरांच्या आसपास आहे. म्हणजे जाऊन येण्यास कमीत कमी आठ सहस्रांश सेकंद हवेत. केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत थांबेही असतात, त्यामुळे तीस-चाळीस लागले तर नवल नाही. पाचशेच्या वर लागत असतील आणि नेहमीच लागत असतील, तर निरोप बहुधा छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहावरून जाऊन येत आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे जोडली ती अशाच उपग्रहांच्या साहाय्याने.

सर्वांत उपयोगी क्रमांक ‘वाट दाखवा’ हा होय. व्हॅन जेकबसन यांनी १९८७ साली रचलेली ही युक्ती मोठी चतुर आहे. प्रत्येक निरोपावर ‘इतक्या मुक्कामांनंतर मर’ असा आकडा लिहिलेला असतो. पहिल्या निरोपावर एक लिहितात, तो पहिल्याच मुक्कामी मरतो आणि तो मुक्काम तशी वर्दी परत पाठवितो. मग दोन, मग तीन. मरणाऱ्या निरोपांच्या वर्द्यांवरून साऱ्या वाटेचा नकाशा तयार होतो. जेथून पुढे नुसत्या फुल्या दिसतात त्याच्या आसपास खोट असण्याचा संभव असतो. संभव एवढ्यासाठी, की काही मुक्काम निरोप पुढे नेतात पण वर्दी देत नाहीत, त्यांना तसे बजावलेलेच असते. मध्ये एकदोन फुल्या येऊन पुढचा मुक्काम बोलला तर त्या सोडून द्याव्यात. शेवटपर्यंत फुल्याच राहिल्या आणि कामही होत नसेल, तर मात्र शेवटच्या बोललेल्या मुक्कामाचा आकडा टिपून ठेवावा.

हा आकडा खेड्यांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११मध्ये मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. आरंभी तालुक्यापासून गावांकडे केबलच्या सरळ ओळी गेल्या. ओळीत रस्ता खणताना एका जागी कुदळ लागली की त्यापुढची सगळी गावे मुकी. ऑगस्ट २०२३मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत गावे वर्तुळाकार केबलीने जोडण्याचे ठरले, म्हणजे एका बाजूने तुटले तरी निरोप दुसऱ्या बाजूने फिरून जाईल. ओळीवरील गावाला मात्र आपल्या अलीकडचे गाव बोलते की नाही, एवढे विचारूनही पुष्कळ कळते.

दुकानातील अंगठ्याचे यंत्र बहुधा मोबाइलच्या सिमवर चालते आणि पंचायतीचा संगणक फायबरवर. या दोन निरनिराळ्या वाटा झाल्या. पंचायतीच्या संगणकावर रेशनचे संकेतस्थळ उघडत असेल आणि दुकानात अंगठा अडत असेल, तर आधी टॉवरची आणि सिमची चौकशी करावी. दोन्ही वाटा धड असून दोन्हीकडे तीच सेवा अडत असेल, तरच ‘सर्वर डाउन’ म्हणण्यास आधार मिळतो.

ही तपासणी कोणासाठी, असा प्रश्न येईल. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१७मध्ये राज्यांना कळविले आहे, की जोडणीच्या दोषामुळे अंगठा पटला नाही तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड प्रत्यक्ष पाहून धान्य द्यावे आणि त्याची नोंद वेगळी ठेवावी. त्या आजीबाईला हे कोणी सांगितलेले नसते. तिची अशी समजूत होते, की कष्टाने झिजलेला आपला अंगठाच नापास झाला. जोडणीतील खोट वेळेसह कागदावर आली, तर नोंदवहीत लिहिण्यास दुकानदारालाही पुरावा मिळतो आणि ती ‘उद्या या’ ऐकून परत जात नाही.

तक्रारीचा कागदही लहानच लागतो. तारीख आणि वेळ, राउटर बोलला की नाही, बाहेरचा पत्ता बोलला की नाही, चार हाकांपैकी किती उत्तरे आली, वाटेतील शेवटचा बोललेला मुक्काम कोणता. ‘नेट बंद आहे’ या तक्रारीला ‘आमच्याकडे सर्व ठीक आहे’ हे उत्तर तयार असते. सकाळी १० वाजून २० मिनिटांनी तिसऱ्या मुक्कामानंतर काही बोलत नाही, असे लिहिले की त्या मुक्कामी कोणाला तरी पाठवावे लागते.