कुलधऱ्यात आपली वस्ती कुठे होती?

(२० मार्च, महाड सत्याग्रहाच्या स्मरणदिनी जोधपूरमधल्या मराठी बांधवांसमोर केलेलं भाषण)



१९२७ साली आजच्याच तारखेला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मीही पाण्यावरच बोलणार आहे, पण इथल्या वाळवंटातल्या.

डिसेंबरात आम्ही जैसलमेरला गेलो होतो. त्यातला एक दिवस कुलधऱ्यासाठी ठेवला. मुलीला शाळेत पारंपरिक गावाची प्रतिकृती करायची होती, तिचाच हट्ट. सोबत माझे एक सहकारी होते, बाडमेरकडचे, मेघवाल समाजाचे.

कुलधरा जैसलमेरपासून अठरा-वीस किलोमीटरवर. पालीवाल ब्राह्मणांचं गाव, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओस पडलेलं. आज ते संरक्षित स्मारक आहे. बहुतेक घरांच्या पिवळ्या दगडी भिंतीच तेवढ्या उरल्यात. देऊळ आणि काही घरं मात्र पुन्हा उभी केली आहेत. रस्ते सरळ, अंगणं ऐसपैस. पोरगी हरखून गेली. खोटं कशाला बोलू, मीही हरखलो.

मग गाईडनं ठरलेली गोष्ट सांगितली. जैसलमेरचा दिवाण सालिमसिंह, त्याची गावातल्या मुलीवर नजर, आणि चौऱ्याऐंशी गावांतले पालीवाल एका रात्रीत शाप देऊन निघून गेले. अभ्यासक पाणी आटल्याचं, करांच्या जाचाचं, भूकंपाचंही कारण मांडतात. पण भूकंपासाठी तिकीट कोण काढणार!

मला खरी ओढ होती खडीनची. या भागात वर्षाकाठी पाऊस 200 मिलिमीटरच्याही आत. तरी पालीवालांनी गहू पिकवला. खडकाळ उतारावरून वाहून येणारं पाणी खाली मातीचा लांब बांध घालून अडवायचं. ते पसरतं, जिरतं, सोबत गाळ आणतं. जास्तीचं पाणी सांडव्यातून जातं. थंडीच्या तोंडावर त्या ओल्या जमिनीत गहू-हरभरा पेरायचा, की वरून पाणी न देता पीक निघतं. फार हुशारीचं काम आहे, त्याचं श्रेय कुणाचं काढून घ्यायचं नाही मला. पण शेकडो मीटरचा बांध म्हणजे हजारो टोपल्या माती. ती कुणाच्या डोक्यावरून गेली? गावाच्या माहितीत ‘पालीवालांनी खडीन बांधले’ एवढंच वाक्य येतं.

मी गाईडला विचारलं, मेलेली गुरं कोण ओढत होतं? तो हसला. ‘साहब, यहाँ तो सिर्फ पालीवाल थे।’ माझे सहकारी तोवर गप्प होते. ते मला हळूच म्हणाले, ‘गुरं तर मरतच असतील ना?’

याच जिल्ह्यांत मेघवाल पट्टू विणतात. ते लोकरी कापड आज शहरात चांगल्या किमतीला विकलं जातं. पण जुनं गाव दाखवायची वेळ आली की हवेली दिसते, देऊळ दिसतं, विणकराचं झोपडं दिसत नाही. दगडाची भिंत दोनशे वर्षं टिकते. माती-गवताचं घर एका पिढीत मातीला मिळतं. त्यामुळे जे टिकलं तेच गाव, असा हिशेब होऊन बसतो.

आपल्याकडेही वेगळं नव्हतं. शिवेचा वाद झाला की साक्ष महाराची. माझ्या आजोबांना गावाची शीव पावलापावलानं ठाऊक होती. राहायचे मात्र गावकुसाबाहेर. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना सुनावलं, ते उगाच नाही.

आणि इथं जोधपुरात, मेहरानगडाच्या पायात राजाराम मेघवाल यांना जिवंत गाडल्याची कथा तुम्ही ऐकलीच आहे. तिथं निदान त्यांच्या नावाचा दगड तरी आहे.

हे जुनं झालं, असं कुणी म्हणेल. २०२२ साली जालोर जिल्ह्यात नऊ वर्षांचा दलित मुलगा शिक्षकानं मारल्यानंतर दगावला. माठातलं पाणी प्यायला म्हणून मारलं, असं घरच्यांनी सांगितलं. त्यावर उलटसुलट दावे झाले. आमची पोरगी तेव्हा त्याच्याच वयाची होती. तिला शाळेत पाण्याची बाटली घरूनच न्यायला आम्ही तेव्हापासून सांगतो. का, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

परत आल्यावर तिनं पुठ्ठ्यावर कुलधरा मांडला. रस्ते, देऊळ, बांध, सगळं झाल्यावर मला विचारलं, ‘बाबा, काकांचं घर कुठं ठेवू? आणि आपलं?’ मी म्हणालो, तुला काय वाटतं? तिनं रिकाम्या काडेपेट्या घेतल्या, पण पुठ्ठा भरला होता. मग तिनं दुसरा पुठ्ठा आणून चिकटपट्टीनं जोडला आणि चार घरं तिथं मांडली.

शाळेतून निरोप आला की प्रतिकृती ठरलेल्या मापापेक्षा मोठी आहे, जादाचा भाग कापून आणा. गेले दोन आठवडे ती आमच्या बैठकीच्या खोलीत पडून आहे. पोरगी कापायला तयार नाही. सोमवारी मी शाळेत बोलायला जाणार आहे. तुमच्यापैकी कुणाला सोबत यायचं असेल तर सभा संपल्यावर भेटा.