एका कामकरी पणजीचा शोध

बेझंटबाईंचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेतच ऐकलेले असते. १९१६ साली टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली, त्याच वर्षी बेझंटबाईंनी मद्रासेस आपली दुसरी लीग काढली आणि पुढल्या वर्षी त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. या बाई १८९३ साली हिंदुस्थानात आल्या. त्याआधी पाच वर्षे, १८८८ साली, लंडनमधल्या एका संपाशी त्यांचे नाव जोडले गेले होते. आज मी त्या संपाबद्दल थोडे आणि त्या संपातल्या एका मुलीबद्दल पुष्कळ बोलणार आहे. मुलीचे नाव सारा चॅपमन. बेझंटबाईंचे चरित्र हवे असेल तर ग्रंथालयात जावे. १८९३ साली त्यांनी स्वतःच ते प्रसिद्ध केले आहे. साराने असे काही लिहून ठेवले नाही. तिचे चरित्र सरकारी दप्तरांतून एकेक ओळ वेचून जमवावे लागते. ते कसे जमते, हाच आजचा विषय.

पूर्व लंडनमध्ये बो नावाचा भाग आहे. तेथे ब्रायंट आणि मे या कंपनीचा आगकाड्यांचा मोठा कारखाना होता. कामाला बहुतेक मुली आणि बायका. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाला काम सुरू होई, ते संध्याकाळी सहापर्यंत. सोळा वर्षांच्या एका मुलीला आठवड्याला चार शिलिंग मिळत आणि त्यातले दोन एका खोलीच्या भाड्यात जात. वर दंड. पाय मळलेले दिसले किंवा बाकाखाली कचरा राहिला तर तीन पेन्स कापून घेत. यंत्रात बोटे सापडू नयेत म्हणून हात मागे घेतला आणि माल गुंतला, याबद्दल एका मुलीला एक शिलिंग दंड झाला होता. म्हणजे आठवड्याला चार शिलिंगांच्या हिशेबाने दीड दिवसाच्या कमाईवर पाणी. शिवाय पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने जबड्याचे हाड सडण्याचा रोग होई, तो वेगळाच. बेझंटबाईंनी मुलींना भेटून ही सगळी हकीकत विचारली आणि २३ जून १८८८ रोजी ‘द लिंक’ या आपल्या पत्रात छापली. मालक खवळले. लेखात लिहिले आहे ते खोटे आहे, असे लिहून द्या, म्हणून त्यांनी मुलींपुढे कागद ठेवला. मुलींनी सही केली नाही. एकीला कामावरून काढले आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुमारे चौदाशे जणी काम सोडून बाहेर पडल्या. दोन आठवड्यांच्या आत कंपनी नमली. दंड बंद झाले, आणि जेवायला वेगळी खोली देण्याचे कबूल झाले.

पुष्कळ वर्षे पुस्तकांतून हा बेझंटबाईंचा संप म्हणून सांगितला जाई. पण बाईंनी लेखात मागितले होते ते एवढेच, की लोकांनी या कंपनीच्या काड्या घेऊ नयेत. काम सोडण्याचे मुलींनीच ठरवले. संपानंतर बाईंची मदत फार मोठी झाली, यात शंका नाही. परंतु पुढारीपण कोणाचे, हा प्रश्न राहतोच. लुईझ रॉ या अभ्यासक बाईंनी २००९ साली एक पुस्तक लिहून हा प्रश्न धसास लावला. संप चालवणाऱ्या समितीत कारखान्यातल्याच बायका होत्या. त्या समितीत सारा चॅपमन होती. बेझंटबाईंना भेटायला शेकडो मुली गेल्या, त्यांतल्या ज्या तिघीजणी आत जाऊन बोलल्या त्यांतही ती होती.

एवढे कळले की लगेच विचारावेसे वाटते : ही कोण, कोणाची मुलगी, पुढे तिचे काय झाले?

येथे इंग्लंडातली एक सोय उपयोगी पडते. व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली आणि योगायोगाने त्याच वर्षीच्या १ जुलैपासून इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली. त्यापूर्वीची नोंद चर्चच्या वह्यांत. जन्माच्या दाखल्यात बाळाचे नाव, जन्मस्थळ, बापाचा धंदा, आईचे माहेरचे नाव आणि नोंद सांगायला आलेल्या माणसाची सही, किंवा सही येत नसेल तर एक फुली, एवढे सापडते. सारा १८६२ च्या ऑक्टोबरात पूर्व लंडनमधल्या माइल एंड येथे जन्मली. बापाचे नाव सॅम्युएल, तो दारूच्या भट्टीत नोकर. आईचे नाव सारा ॲन. त्या काळी जन्म नोंदवला नाही तर दंड नव्हता. तो १८७४ च्या कायद्याने आला. म्हणून या आधी जन्मलेल्या एखाद्या गरिबाची नोंद मिळाली नाही, तर तो जन्मलाच नाही असे समजू नये.

आता खानेसुमारीकडे वळू. शिक्षक मंडळींना हा भाग माझ्यापेक्षा जास्त कळेल, कारण दारोदार फिरून डोकी मोजण्याचे काम आपल्याकडे त्यांच्याच गळ्यात पडते. इंग्लंडात १८८१ ची मोजणी ३ एप्रिलच्या रविवार रात्रीची आहे. त्या रात्री घरात जे जे झोपले, त्या सर्वांची नावे. घरोघर कागद आधी वाटायचे, सोमवारी गोळा करायचे, ज्याला लिहिता येत नाही त्याचा कागद मोजणीदाराने भरायचा, आणि मग ते सगळे एका वहीत उतरवून काढायचे. मूळ कागद पुढे नष्ट केले गेले. आज जी वही आपण पाहतो ती मोजणीदाराच्या हातची नक्कल आहे. म्हणजे कोणी सांगितले, दुसऱ्याने ऐकले, आणि थकलेल्या हाताने ते पुन्हा उतरवले. नावाचे स्पेलिंग बदलते, गावाचे नाव भलतेच होते, आणि वय तर विचारूच नका. आपल्याकडे जुन्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला का येतो, हे हेडमास्तरांना ठाऊक आहे. तिकडेही बायका दहा वर्षांत सातच वर्षांनी मोठ्या झालेल्या आढळतात.

तरी त्या एका ओळीत पुष्कळ असते. घराचा पत्ता, कुटुंबप्रमुखाशी नाते, लग्न झाले की नाही, वय, धंदा आणि जन्मगाव. त्याच साली, दीड महिना आधी, १७ फेब्रुवारीला हिंदुस्थानातही खानेसुमारी झाली होती. तिच्यातून आपल्याला आकडे मिळतात, माणसांची नावे मिळत नाहीत. इंग्लंडात नावे मिळतात. १८८१ च्या ओळीत सारा आहे. वय सुमारे अठरा, आणि आगकाडीच्या कारखान्यात यंत्रावर काम. तिच्याबरोबर तिची आई आणि थोरली बहीण, त्याही त्याच कामावर! हे मी प्रथम वाचले तेव्हा थांबलो. ‘आगकाडीवाल्या पोरी’ असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अनाथ, उघड्या पायांची लहान मुलगी येते. ही ओळ निराळे सांगते. एका घरातल्या तीन बायका सकाळी एकत्र निघतात, एकाच फाटकातून आत जातात, एकीला दंड झाला की तिघींच्या चुलीला चटका बसतो. संप दोन आठवडे टिकला कसा, याचे थोडे उत्तर येथेच मिळत असावे, असे मला वाटते.

संपाचा आणखी एक कागद उरला आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत मोलाचा. संपाच्या काळात पोटासाठी वर्गणीतून पैसे वाटले गेले. कोणाला किती दिले याची वही ठेवली गेली. तीत बाईचे नाव, पत्ता, काम आणि मजुरी लिहिली आहे. खानेसुमारी सरकारला हवी म्हणून लिहिली, वर्कहाउसची वही गरिबावर खर्च किती झाला ते दाखवायला लिहिली, पोलिसांची वही तर सांगायलाच नको. ही वही मात्र त्या बायकांच्या स्वतःच्या लढ्यासाठी लिहिली गेली. पत्ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले की कळते, कोणी कोणाच्या भिंतीला भिंत लावून राहत होते.

आता या कामातला मोठा खड्डा दाखवतो. तो म्हणजे नाव. सारा हे तेव्हाचे अगदी चालू नाव आणि चॅपमन हे आडनावही काही दुर्मीळ नव्हे. शिवाय आमच्या साराच्या आईचेही नाव सारा! घाईने शोधणारा नाव जुळले की टाळी वाजवतो आणि पुढची चार वर्षे दुसऱ्याच्या पणजीचे चरित्र लिहितो. माझ्या वर्गात मुलांना मी सांगतो की, नुसत्या नावावर विश्वास ठेवू नका. नावाखेरीज निदान दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. वय आणि जन्मगाव, किंवा बापाचे नाव आणि धंदा, किंवा घरातली भावंडे आणि पत्ता. म्हणूनच लग्नाचा दाखला इतका कामाचा. त्यात वधूवरांच्या बापांची नावे आणि धंदे असतात. साराचे लग्न १८९१ च्या डिसेंबरात चार्ल्स डिअरमन नावाच्या, लाकडी सामान बनवणाऱ्या कारागिराशी झाले. बापाचे नाव व धंदा मागच्या नोंदींशी ताडून पाहिले की माणूस हातचा सुटत नाही.

आईचे नाव मात्र त्या दाखल्यात नसे. इंग्लंड-वेल्समध्ये विवाहाच्या नोंदीत आईचे नाव घालण्यास सुरुवात झाली ती २०२१ च्या मे महिन्यात! जी आई मुलीच्या खांद्याला खांदा लावून यंत्रावर उभी राहिली, तिला लेकीच्या लग्नाच्या कागदावर जागा नव्हती.

लग्नापूर्वीची दोन-तीन वर्षे साराच्या आयुष्यात फार गजबजलेली आहेत. संपानंतर आगकाडी कामगार स्त्रियांची युनियन निघाली. तिच्या वतीने सारा १८८८ च्या नोव्हेंबरात लंडनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेस गेली, आणि १८९० साली लिव्हरपूल येथे ट्रेड युनियन काँग्रेसला हजर राहून तिने एका ठरावाला अनुमोदन दिले. हे परिषदांच्या कागदांतून कळते. लग्नानंतर ती एकदम गप्प होते. गप्प ती झाली की कागद झाले, हे सांगणे कठीण. त्या काळी विवाहित बाईच्या धंद्याचा रकाना पुष्कळदा कोराच सोडत, मग ती घरी बसून शिवण करो, काड्यांच्या पेट्या चिकटवो की खोल्या भाड्याने देवो. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू होताच सरकारने सगळ्या लोकांची नोंदवही केली, तीत अशा लाखो बायकांपुढे ‘बिनपगारी घरकाम’ असे शब्द आहेत. रकाना कोरा, पण दिवस काही कोरा गेला नसेल!

आणखी एक अडचण सांगतो. तेथील खानेसुमारी शंभर वर्षे बंद ठेवतात. १९२१ ची २०२२ साली उघडली. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची सगळी कागदपत्रे १९४२ सालच्या आगीत जळून गेली, आणि १९४१ साली युद्धामुळे मोजणी झालीच नाही. त्यामुळे १९२१ नंतर आधार ती १९३९ ची नोंदवही, मृत्यूचे दाखले आणि कबरस्तानांच्या वह्या.

सारा १९४५ च्या नोव्हेंबरात वारली. बेझंटबाई १९३३ साली अड्यारला वारल्या, त्याची बातमी जगभर गेली. साराला पूर्व लंडनच्या मॅनॉर पार्क कबरस्तानात पुरले, तेही इतर पाच जणांबरोबर एकाच सामाईक खड्ड्यात. वर दगड नव्हता. घरच्यांना तेवढा खर्च झेपला नसावा. तिच्या कुटुंबातल्या पुढच्या पिढ्यांना तिची ही संपातली कामगिरी ठाऊकच नव्हती. एकीकडे अभ्यासक संपाच्या कागदांकडून साराच्या शोधात निघाले होते. दुसरीकडे तिची एक पणती आपल्या घराण्याची झाडावळ मांडत बसली होती. २०१६ च्या सुमारास हे दोन शोध एकमेकांना भेटले. पणतीच्या कागदावरची डिअरमन आडनावाची पणजी आणि संपाच्या समितीतली सारा चॅपमन ही एकच बाई निघाली. मग कबरस्तानाच्या वहीवरून ती सामाईक जागाही सापडली.

बोचा तो कारखाना बंद होऊन पुष्कळ वर्षे झाली. लाल विटांच्या त्या इमारतींत आता राहण्याची घरे आहेत. २०२२ च्या जुलैमध्ये संपाच्या आठवणीची निळी पाटी तेथे लावली गेली, तेव्हा साराची ती पणती हजर होती.