बायकांच्या गप्पा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. चूल, मुले, गुरेढोरे आणि कापसाची वेचणी यांतून सवड मिळाली तर ओट्यावर बसून गप्पा मारणे, एवढेच मला येते. म्हणून अध्यक्षबाईंनी "दोन शब्द बोला" असे म्हटल्यावर मी म्हणाले, "बाई, मी गप्पांवरच बोलते." त्या हसल्या, पण नको म्हणाल्या नाहीत.

बायका गप्पांना बसल्या की घरातल्या कर्त्या माणसांच्या कपाळाला आठी पडते. "झालं का सुरू यांचं?" हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. पुरुषमाणसे पारावर किंवा हॉटेलात दोन-दोन तास बसली तर ती चर्चा होते. आपण तूर निवडता निवडता चार शब्द बोललो तर तो रिकामटेकडेपणा होतो. खरे म्हणजे आपल्या गप्पा रिकाम्या हातांनी कधीच होत नाहीत. हातात सूप असते, सुई असते, नाहीतर पोर तरी असते.

आमची आजी पहाटे जात्यावर बसायची. समोर शेजारची बाई खुंट्याला हात लावायची. दळता दळता दोघी ओवीतून बोलायच्या. सासरचे दुःख, भावाची वाट, पोराचे कौतुक, सगळे त्या ओवीत यायचे. मग पिठाची गिरणी आली. हातांचे कष्ट वाचले, ते बरेच झाले. पण दोघींनी समोरासमोर बसून बोलण्याची ती जागा गेली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांचे सहकारी गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या. आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गाइलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. सांगायचे ते एवढेच, की ज्या बोलण्याला घरात कोणी किंमत दिली नाही, ते शहाण्या माणसांनी लिहून ठेवण्याजोगे मानले.

पण भगिनींनो, मी गप्पांची नुसती स्तुती करायला उभी राहिलेली नाही. गप्पांत माझ्या हातून एक चूक घडली आहे, ती आज सांगणार आहे. जिच्याबाबतीत घडली, ती माझी धाकटी जाऊ येथे समोरच बसली आहे. तिला विचारूनच बोलते आहे.

आपल्या भागातली किती घरे दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन बाहेर पडतात, हे मी सांगायला नको. उचल घेतलेली असते, मुकादमाचा ट्रॅक्टर दारात उभा असतो. पाच-सहा महिने कोपीत राहायचे, पहाटे थंडीत फडात जायचे, डोक्यावर मोळी वाहायची. आडोसा नाही, पुरेसे पाणी नाही. आजारी पडून घरी राहिले तर खाडा धरतात. अशात बाईला अंगावरून जाणे, ओटीपोट दुखणे हे लागूनच राहते, आणि ती ते लाजेने कोणाला सांगत नाही.

माझी जाऊ एका वर्षी फडावरून परत आली, तेव्हा आम्ही चौघीजणी अंगणात शेवया करीत बसलो होतो. बोलता बोलता तिने आपले दुखणे सांगितले. एक म्हणाली, "अगं, पिशवी काढून टाक. मी काढली, सुटले." दुसरी म्हणाली, "लेकरं झालीत ना? मग काय करायचंय ठेवून?" आणि मीही म्हणाले, "दरवर्षी रडण्यापेक्षा एकदाच काय ते होऊन जाऊ दे." शेवया वाळायच्या आत आम्ही तिचा निकाल लावून टाकला! पुढे एका खाजगी दवाखान्यात तिला तेच सांगण्यात आले. कर्ज काढून तिने शस्त्रक्रिया केली. तेव्हा तिने तिशीही गाठली नव्हती. आज तिची कंबर धरते, गुडघे दुखतात, अंगातून वाफा निघतात. घेतलेले कर्ज फेडायला तिला पुन्हा कोयताच हातात घ्यावा लागला. तिने मला कधी बोल लावला नाही. पण तिला उठता-बसता भिंतीचा आधार घेताना पाहिले की माझे मला कळते.

पुढे 2019 साली या गोष्टीचा बोभाटा झाला. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आपल्या जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहाजणींत एक. हा आकडा ऐकला तेव्हा माझ्या मनात आले, की यांतल्या कितीजणींना पहिला सल्ला अशाच एखाद्या अंगणात मिळाला असेल!

मग गप्पा बंद कराव्यात का? मुळीच नाही. त्याचीही एक गोष्ट ऐका. मागच्या उन्हाळ्यात आमची एक मैत्रीण पाण्याला आली असता म्हणाली, "काय सांगू माय, लई दिवसांपासून पोट दुखायलंय, अंगावरून पांढरं जायलंय." या वेळी मी तोंडाला लगाम घातला. आधी विचारले, "किती दिवसांपासून? दाखवलंस का कुणाला?" ती म्हणाली, "एका ठिकाणी दाखवलं. पिशवी काढा म्हणायलेत." मी म्हणाले, "घाई नको. उद्या दोघी सरकारी दवाखान्यात जाऊ." तेथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासले, सोनोग्राफी केली आणि सांगितले, की हा जंतुसंसर्ग आहे, औषधाने बरा होईल. गोळ्या मात्र नवरा-बायको दोघांनीही घ्यायच्या. महिन्याभरात ती बरी झाली. पाणी भरता भरता तिने तो शब्द काढला नसता, तर काय झाले असते?

डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी आणखीही समजावले, तेही सांगते. पांढरे जाण्याची बहुतेक दुखणी औषधाने बरी होतात. कमी वयात पिशवी काढली, आणि त्याबरोबर बीजकोशही काढले, तर पाळी जाण्याचे त्रास अकालीच सुरू होतात आणि हाडे ठिसूळ होतात. काही दुखण्यांत शस्त्रक्रिया खरोखरच लागते. पण ते दोन डॉक्टरांना विचारून ठरवावे. आणि पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर एक दिवसही अंगावर काढू नये.

म्हणून मंडळातल्या भगिनींना माझी हात जोडून विनंती आहे. गप्पा मारा, भरपूर मारा. जी बाई बोलत नाही तिला बोलते करा. फडावर गेलेल्या मैत्रिणीला रात्री फोन लावून नुसते "जेवलीस का गं?" एवढे तरी विचारा, कोपीतल्या बाईला तेवढ्यानेही माहेर भेटल्यासारखे वाटते. पण कोणी दुखणे सांगितले तर आपण डॉक्टर होऊ नका. तिच्याबरोबर दवाखान्यात जा. आणि अंगणात ऐकलेले दुसऱ्या अंगणात नेऊ नका, नाहीतर पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही.

आमच्या आजीच्या काळी समोर बसून खुंट्याला हात लावणारी बाई होती. जाते गेले तरी तसा हात लावणारी बाई प्रत्येकीला असावी. आपले मंडळ त्यासाठीच आहे असे मी समजते.