सात पोरांचं बंधुमंडळ

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील भाषण)



अध्यक्षांनी आम्हाला 'बंधुता' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय डोंगराएवढा आणि वेळ वीस मिनिटं. आमचं शिक्षण म्हणाल तर १९८२च्या संपात घरातली चूल थंडावली तेव्हा सातवीतून शाळा सुटली ती सुटलीच. पुढे गिरणीत बदली म्हणून लागलो, साच्यावर उभे राहिलो, आणि जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून वाचलं. तेव्हा प्राध्यापकांसारखी व्याख्या आमच्याकडून मागू नका. आम्ही एक हकीकत सांगणार आहोत.

बंधुता हा शब्द आपल्याला पाठ आहे. संविधानाच्या उद्देशिकेत तो आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नाहीत, आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली. याच बंधुतेला इंग्रजीत फ्रॅटर्निटी म्हणतात. अमेरिकेतल्या कॉलेजांत मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. तिथे मुलांची बंधुमंडळं असतात, त्यांना ग्रीक अक्षरांची नावं असतात, त्यांची स्वतःची घरं असतात. एकदा भाऊ झाला की जन्मभर भाऊ. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही मंडळं गोऱ्यांची होती. काळ्या मुलाला त्या घरात प्रवेश मिळे तो ताटं वाढायला.

न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाचं गाव आहे, तिथे कॉर्नेल विद्यापीठ आहे. १९०४-०५ साली तिथे सहा काळे विद्यार्थी होते. पुढच्या वर्षी त्यांतला एकही परत आला नाही. सहाच्या सहा गळाले! जाहीर शिक्षा नाही, कुणी हाकललं नाही. एवढ्या मोठ्या विद्यापीठात तोंड उघडायला माणूस नाही, पुस्तकाला पैसा नाही, राहायला गावातल्या काळ्या कुटुंबांच्या घरांखेरीज आसरा नाही. अशा ठिकाणी पोरगं आपोआप गळतं. हे कसं होतं ते आपल्या वस्तीला समजावून सांगायला नको.

नंतर जी मुलं आली त्यांनी हे पाहिलं. ती गावातल्या एका काळ्या कुटुंबाच्या घरी जमू लागली. आधी नुसता अभ्यास. एकाचं गणित चांगलं, तो दुसऱ्याला सांगे. एकाकडे पुस्तक, ते चौघांत फिरे. त्यातले काही जण गोऱ्यांच्या बंधुमंडळांच्या घरी वाढप्याचं काम करून फी भरत होते. वाढता वाढता त्यांनी पाहिलं की ही श्रीमंत पोरं एकमेकांना कशी धरून असतात. मग त्यांच्यात वाद पडला. पॉइनडेक्स्टर नावाचा त्यांचा एक वडीलधारा सोबती होता, त्याचं म्हणणं, साहित्यमंडळ पुरे, बंधुमंडळ कशाला? बाकीच्यांचं म्हणणं, व्याख्यानं ऐकून घरी जाण्यानं भागणार नाही, एकमेकांची जबाबदारी घ्यायला पाहिजे. वाद बरेच महिने चालला. शेवटी ४ डिसेंबर १९०६ रोजी सात जणांनी 'अल्फा फाय अल्फा' हे मंडळ स्थापन केलं. काळ्या विद्यार्थ्यांचं कॉलेजाकॉलेजांत पसरलेलं हे पहिलं बंधुमंडळ.

हे सात जण पुढे काय झाले? व्हर्टनर टँडी न्यूयॉर्क राज्यातला पहिला नोंदणीकृत काळा वास्तुविशारद झाला. जॉर्ज केली इंजिनिअर झाला. हेन्री कॅलिस डॉक्टर झाला. यूजीन किंकल जोन्सने नॅशनल अर्बन लीग ही शहरात आलेल्या काळ्या कामगारांसाठी काम करणारी संस्था वर्षानुवर्षं चालवली. आम्हा गिरणीवाल्यांना हा माणूस जवळचा वाटतो. सहा गेले आणि सात टिकले, हुशारी दोन्हीकडे होती. फरक पडला तो एकमेकांचा हात धरण्यामुळे, असं आमचं मत आहे.

मुलींना वाटेल, हे सगळं भावांचंच चाललंय. तसं नाही बरं का. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात मुलींनी १९०८ साली 'अल्फा कॅपा अल्फा' हे भगिनीमंडळ काढलं. त्याच विद्यापीठात १९१३ साली दुसरं निघालं, 'डेल्टा सिग्मा थीटा', आणि त्या मुलींनी त्याच वर्षी मार्चमध्ये बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात भाग घेतला. अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या कमला हॅरिस हॉवर्डमध्ये शिकताना पहिल्या मंडळाच्या सभासद झाल्या होत्या.

आता या मंडळाच्या कामाची एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. पदवी मिळाली की आपल्याकडे पोरगं पेढे वाटतं, नोकरीला लागतं आणि दुसऱ्या उपनगरात फ्लॅट घेतं. त्यांच्याकडे पदवीनंतर सभासदत्व संपत नाही. १९११ सालीच लुईव्हिल शहरात पदवी घेतलेल्या भावांची वेगळी शाखा निघाली. नोकरीवाल्याने वर्गणी द्यायची आणि मागून येणाऱ्याला वर ओढायचं. १९२०च्या सुमारास त्यांनी मोहीम काढली, हायस्कुलात जा, कॉलेजात जा. म्हणजे शिकलेल्यांनी वस्तीत जाऊन आईबापांना पटवायचं.

थर्गुड मार्शल याच मंडळाचा. तो राहणारा मेरीलँडचा, पण तिथल्या विद्यापीठाच्या लॉ कॉलेजचं दार काळ्यांना बंद, म्हणून दुसरीकडे वकिली शिकला. १९३५ साली डोनाल्ड मरे या काळ्या विद्यार्थ्याला त्याच लॉ कॉलेजने नाकारलं, तेव्हा मार्शल आणि त्याचे गुरू चार्ल्स ह्यूस्टन त्याच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. १९३६ साली वरच्या कोर्टातही ते जिंकले. मंडळाने या लढ्याला बळ दिलं आणि मरेच्या शिक्षणाच्या खर्चालाही हातभार लावला. हे लक्षात घ्या. खटला जिंकून दार उघडतं, आत गेल्यावर फी कोण भरणार? हाच मार्शल पुढे १९५४चा शाळाप्रवेशाचा प्रसिद्ध खटला जिंकला आणि १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पहिला काळा न्यायमूर्ती झाला. मार्टिन ल्यूथर किंग १९५२ साली बोस्टनला शिकताना या मंडळात आले. त्यांचं वॉशिंग्टनमधलं स्मारक २०११ साली खुलं झालं, ती कल्पना या मंडळानेच मांडली आणि तडीस नेली. ज्या ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची चौकशी केली, तेही याच मंडळाचे सभासद.

बाबासाहेब स्वतः १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती, बुद्धी तर होतीच. पण तिथे त्यांना नवल भथेना नावाचा पारशी सोबती मिळाला, वसतिगृहात बरोबर राहिला. अपुरं शिक्षण पूर्ण करायला १९२० साली बाबासाहेब लंडनला निघाले तेव्हा शाहू महाराजांनी मदत केली आणि या भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले. त्या काळचे पाच हजार! मित्राच्या शब्दावर. म्हणून तर मुंबईत आल्यावर बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह उघडलं. एकटं पोरगं टिकत नाही, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

आपल्या गिरणगावातही ही रीत होती, फक्त तिला ग्रीक नाव नव्हतं. एकेका गावची एकेक खोली. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस माणसं, तीन पाळ्यांत झोपणार. त्यात एखादं पोरगं कॉलेजला असलं तर रात्रपाळीला गेलेल्यांची जागा त्याला अभ्यासाला मोकळी. खाणावळवाली मावशी त्याचा महिना उशिरा आला तरी ताट मागे घेत नसे. पगाराच्या दिवशी चार-चार आणे काढून परीक्षेची फी भरली जाई. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाचं नाव तर सगळ्यांना माहीत आहे. तिथे एकत्र राहणाऱ्या, एकाच ताटात जेवणाऱ्या पोरांच्या गप्पांतून काय उभं राहिलं ते १९७२ साली देशाने पाहिलं. गिरण्या गेल्या, खोल्या विकल्या गेल्या, टॉवर झाले. रीतही त्याबरोबर गेली, याचं आम्हाला दुःख आहे.

अमेरिकेतलं सगळं सोनं आहे असं आम्ही म्हणत नाही. नव्या भावाला आत घेताना त्याला मारहाण करायची, त्याचा छळ करायचा, हा घाणेरडा प्रकार या मंडळांतही शिरला. १९८९ साली एका विद्यार्थ्याचा त्यात जीव गेला. १९९० साली काळ्यांच्या सगळ्या मंडळांनी मिळून भरतीची ती जुनी पद्धत बंद केली, तरी चोरून चालत राहिली. आपल्याकडे त्याला रॅगिंग म्हणतात आणि महाराष्ट्रात १९९९पासून त्याविरुद्ध कायदा आहे. ज्याला मोठं करायचं त्याला आधी लाथा घालायच्या, ही कसली बंधुता? दुसरं असं की सूट-बूट, मेजवान्या, नाचगाणी यांतच काही मंडळं रमली. फ्रेझियर नावाच्या काळ्या समाजशास्त्रज्ञाने १९५७ साली 'ब्लॅक बूर्ज्वाझी' या पुस्तकात आपल्याच शिकलेल्या वर्गाला यावरून चांगलं सोलून काढलं. आपल्याकडे बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला शिकलेल्यांनी दगा दिला म्हणून जे दुःख बोलून दाखवलं, ते याच जातीचं.

आता आपल्या वस्तीचं बोलू. गेल्या काही वर्षांत आपल्या चार चाळींतून इंजिनिअरिंगला, फार्मसीला, नर्सिंगला पोरं-पोरी गेल्या. पहिल्या वर्षी पेपरात फोटो, विहारात सत्कार. दुसऱ्या वर्षी कुणी विचारत नाही. एका पोराला कॉलेजने फी बाकी म्हणून परीक्षेचं हॉलतिकीट अडवलं. शिष्यवृत्ती मंजूर होती, पण पैसे जमा झालेले नव्हते. पोरगं लाजेने घरी बोललं नाही. आज ते मॉलमध्ये पार्सल उचलतं. काम वाईट नाही, आम्हीही हातानेच कमावलं. पण ते इंजिनिअर व्हायला निघालं होतं, आणि त्याच महिन्यात आपण मिरवणुकीच्या डीजेला किती मोजले ते हिशेबाच्या वहीत आहे. कुणाला राग आला तर येऊ द्या.

शिष्यवृत्ती मंजूर होणं आणि हातात पडणं यांच्यामधले चार-सहा महिने, तेवढ्यातच आपली पोरं गळतात. महाडीबीटीचा फॉर्म, जात पडताळणी, वसतिगृह न मिळालेल्यांसाठीची स्वाधार योजना, ही कामं ज्याने एकदा केली त्याला दहा मिनिटांत समजतात, आणि ज्याच्या घरात पहिलंच पोरगं कॉलेजात आहे त्याला महिनाभर समजत नाहीत. म्हणून समितीपुढे आम्ही तीन गोष्टी मांडल्या आहेत. तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक मुला-मुलीने पहिल्या वर्षाचे दोघे आपल्याकडे घ्यायचे. फॉर्मपासून इंग्रजीच्या भीतीपर्यंत सगळं त्यांच्याशी बोलायचं, आणि दोन आठवडे कुणी दिसलं नाही तर घरी जाऊन बघायचं. नोकरीला लागलेल्यांनी, मग ते ठाण्याला राहोत की पुण्याला, महिन्याला जमेल ती रक्कम फी-निधीला द्यायची. हा निधी उसना मिळेल, शिष्यवृत्ती आली की परत, म्हणजे पुढच्याला मिळेल. आणि वरचा हॉल रात्री अकरापर्यंत अभ्यासाला उघडा राहील.

पहिल्या दोन्हींवर समितीत चर्चा चालू आहे. हॉलचं मात्र कालच ठरलं. दोन ट्यूबलाइटी गेल्या आहेत, त्या आम्ही उद्या बदलतो. किल्ली आमच्या खोलीवर असेल. महिला मंडळाच्या भगिनींनी रात्री नऊचा चहा आपल्याकडे घेतला आहे, त्यांची पाळी त्यांनी आपसात लावून घ्यावी. कॉलेजला असलेल्या सगळ्यांनी जाताना दाराशी ठेवलेल्या वहीत नाव, वर्ग आणि फी किती बाकी आहे ते लिहावं. बाकीचा आकडा लिहायला लाजू नये. ती वही सचिवांशिवाय कुणी उघडणार नाही.

जयभीम.